वृद्धनिवास पाहून आलो, सगळं चकाचक होतं. आता नेमकं काय तपासू?

उंबरठा (सोमवार, रात्री ११:१०)

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई ८३ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण आता वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि वॉकर घ्यायचा असतो हे तिच्या लक्षात राहत नाही. रात्री तीन-चारदा उठते. आम्ही दोघं पाळ्या लावून जागतो. परवा ओट्याशी उभ्या उभ्या मला डुलकी लागली, तेव्हा ठरवलं की आता बाहेरची मदत घ्यायची.

दोन वृद्धनिवास पाहून आलो. दोन्हीकडे फोन करून, वेळ ठरवून गेलो. स्वागतकक्ष, बाग, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. एका ठिकाणी व्यायामाची खोली दाखवली, तिथल्या सायकलच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. फरशी आरशासारखी. त्या फरशीवर आईचा वॉकर कसा टिकेल हा विचार मला परत येताना गाडीत सुचला. आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तासाभरात मी तिथे राहणाऱ्या एकाही माणसाशी बोललो नव्हतो.

तर प्रश्न असा, की अशा ठिकाणी काय बघायचं, कुणाला काय विचारायचं? तपासणी झालीय, श्रेणी चांगली मिळालीय असं सांगतात, त्यावर किती विसंबायचं?

(आईला घरीच का ठेवत नाही, हे कृपया विचारू नका. ते आम्ही एकमेकांना विचारून झालंय.)

तिरकस (सोमवार, रात्री ११:३२)

विनंती वाचली, म्हणून विचारत नाही. पण एवढं तपासून घ्यावं लागतंय, यातच उत्तर आलं नाही का?

थोरली (मंगळवार, सकाळी ७:०५)

तिरकस, मुलांना शाळेत घालताना शाळा बघून घेतोच ना? म्हणून शाळाच नको असं कुणी म्हणत नाही. असो. रात्रपाळीताई, आहात का? तुम्ही लिहायलाच हवं इथे.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:४०)

आहे. ड्युटीवरून आले, झोप काढून लिहितेय. मी नर्स, अकरा वर्षं वृद्धनिवासांत, त्यातली बरीचशी नावाप्रमाणेच.

उंबरठा, वेळ ठरवून गेलं की पाहुण्यासारखं स्वागत होतं, घर काही दिसत नाही. आता न सांगता जा, तेही रविवारी संध्याकाळी. व्यवस्थापक घरी गेलेले, ऑफिसला कुलूप, पाळी बदलतेय, आणि स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची घालमेल नेमकी दिवेलागणीलाच वाढते. त्या अर्ध्या तासात जे दिसेल ते तुमच्या आईच्या वाट्याला येणार आहे. आत सोडत नसतील तर कारण विचारा. 'रात्री दहानंतर झोपमोड होते' म्हणाले तर पटण्यासारखं आहे. 'भेटीची वेळ शनिवारी अकरा ते बारा, एरवी नाही' म्हणाले तर मी माझं माणूस तिथे ठेवणार नाही.

शिरल्यावर आधी नाक. एका खोलीत लघवीचा वास आला तर काही विशेष नाही, नुकतंच झालं असेल. पण पूर्ण मजल्यावर जुनाट, भिंतीत मुरलेला वास असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. आणि नुसता फिनेलचा भपकारा असेल तरी मला शंका येते.

मग कान. बेल वाजली की घड्याळ बघा, कुणी जायला किती मिनिटं लागली? आणि मुळात बेल पेशंटच्या हाताला लागते का? बेलची वायर गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली, अशा खोल्या मी पाहिल्यात. का, तर आजोबा सारखी वाजवतात. आजोबा का वाजवतात हे कुणी विचारलेलं नसतं.

मग माणसं, अगदी जवळून. नखं, दाढी, कवळी तोंडात आहे की डबीत. कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का. आणि चष्म्याच्या काचा. धुरकट चष्मा लावून बसलेली आजी दिसली की समजायचं, सकाळपासून तिच्या चेहऱ्याकडे कुणी नीट बघितलेलं नाही. पाण्याचा पेला खाटेशेजारी असतोच, पण तो तिच्या हाताच्या टप्प्यात आहे का ते बघा. संध्याकाळी सहाला पेला काठोकाठ भरलेला असेल तर पाणी ठेवलं, पाजलं नाही.

आणखी एक. दिवसाउजेडी बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्याच माना छातीवर पडलेल्या असतील तर औषधांचं विचारा. शांत मजला आणि गुंगीतला मजला लांबून सारखेच दिसतात. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं देऊन गप्प करतात, त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो हा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच काढलाय. कधी ती खरंच लागतात, मीही दिलीत. पण कुणी लिहून दिली, कशासाठी, आणि बंद करायचा विचार कधी करणार, हे तिथल्या माणसाला सांगता आलं पाहिजे.

थोरली (मंगळवार, दुपारी ४:१५)

माझ्या आत्याचं सांगते. संस्थेचं नाव घेणार नाही, व्यनितही (खासगी निरोपातही) विचारू नका.

आम्ही दर रविवारी जायचो. केस विंचरलेले, गाऊन धुतलेला, चादर छातीपर्यंत नीट खोचलेली. दीड महिना आम्ही त्या चादरीवर खूश होतो. एका रविवारी ती 'पाठ, पाठ' एवढंच म्हणत राहिली. आया म्हणाल्या, वय झालं की बोलतात असं. मी तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर माझ्या तळव्याएवढी जखम, मधे काळी.

आम्ही ऑफिसात जाऊन भांडलो तर शांतपणे ऐकवलं, 'तुम्ही तर दर आठवड्याला येत होता, तुमच्याही लक्षात आलं नाही?' त्यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

चादर काढून बघा. लाज, संकोच, 'त्यांना काय वाटेल' सगळं बाहेर ठेवून.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ४:५०)

थोरली, ते वाक्य तुमच्यावर ढकलायला नको होतं. बघणं त्यांचं काम होतं, त्यासाठीच तर ठेवलेलं असतं माणूस.

बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम, एका दिवसात काळी पडत नाही. सुरुवात लालीने होते. बोटाने दाबून सोडा. निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते आणि मग रंग परततो. लाली तशीच राहिली तर पहिला टप्पा. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या रंगावर हे नीट दिसत नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच आयांना कुणी शिकवलेलीच नसते. तिथे हात लावून बघायचं: आजूबाजूच्यापेक्षा गरम किंवा गार लागतंय का, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का, हात लावल्यावर दुखतं का. जागा ठरलेल्या: माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, कोपर, डोक्याची मागची बाजू.

संस्थेत विचारायचा प्रश्न: 'आल्या दिवशी त्वचेची तपासणी करून लिहून ठेवता का?' आणि 'धोका कशावरून ठरवता?' यासाठी मोजपट्ट्या आहेत. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने १९६२ मध्ये एक दिली, १९८७ ची ब्रेडन पट्टी सगळीकडे चालते. संवेदना, ओलावा, हालचाल, जागा बदलायची ताकद, पोषण, घासणं अशा सहा गोष्टींना गुण देतात, जास्तीत जास्त २३. १८ किंवा त्याखाली आलं की धोका. प्रमुख नर्सला यातलं काहीच ठाऊक नसेल तर बाग कितीही छान असो.

लेखाजोखा (मंगळवार, रात्री ९:२०)

मी पलीकडच्या बाजूचा. बावीस वर्षं तपासनीस होतो, आता निवृत्त. श्रेणीवर किती विसंबायचं, तेवढं सांगतो.

श्रेणी एका शब्दाची असते, अहवाल पानापानांचा. अहवाल मागून वाचा. तपासणी कधी झाली आणि आधी कळवून झाली का, हे आधी बघा. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन २००९ पासून हे काम करतं. त्यांचे पाच प्रश्न मला अजूनही आवडतात: सुरक्षित आहे का, उपयोग होतोय का, मायेने वागतात का, माणसाच्या गरजेप्रमाणे बदलतात का, कारभार नीट आहे का. मिळालेली श्रेणी दर्शनी भागात लावणं तिथे २०१५ पासून सक्तीचं आहे. पण २०२४ मध्ये त्याच कमिशनचं स्वतंत्र पुनरावलोकन झालं तेव्हा अनेक ठिकाणच्या श्रेणी कित्येक वर्षं जुन्या निघाल्या. व्यवस्थापक बदलला आणि चार जुन्या आया सोडून गेल्या की सहा महिन्यांत जागा ओळखू येत नाही, तिथे जुनी पाटी काय कामाची?

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर तपासणी न कळवता करायची असते, दोन तपासण्यांत पंधरा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही आणि किमान दहा टक्के तपासण्या अवेळी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी-पहाटे सुरू व्हाव्या लागतात. २००८ मध्ये त्यांनी पाच ताऱ्यांची पद्धत आणली. त्यातला कर्मचाऱ्यांचा आकडा सुरुवातीला संस्थाच कळवायच्या. विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासावा तसं. २०१८ पासून आकडा पगाराच्या नोंदींवरून घेऊ लागले, आणि शनिवार-रविवारी किती ठिकाणी माणसंच नसतात ते बाहेर आलं. रात्रपाळी रविवारी जा म्हणतात ते उगाच नाही.

मी आत गेलो की ऑफिसात बसत नसे. सगळ्यात कमी बोलणारा, अंथरुणाला खिळलेला एक माणूस निवडायचो आणि त्याच्या कागदांवरून त्याच्या अंगापर्यंत माग काढायचो. 'दर दोन तासांनी कूस बदलली' असं लिहिलेलं असेल तर अकराला बघायचं, सव्वाला परत. उशीवरची घडी तीच असायची. औषधांचा तक्ता उजेडात धरायचा. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने असतील तर त्या एका बैठकीत झाल्या. एका ठिकाणी ३० दिवसांच्या महिन्यात ३१ च्या रकान्यातही 'गोळी दिली' म्हणून सही होती.

कोरी तक्रारवही दिसली की मला धडकी भरायची. चाळीस माणसं, अख्खं वर्ष, आणि एकाचीही तक्रार नाही? चार माणसांच्या घरात दिवसाला दोन असतात. तक्रार करून काही होत नाही, किंवा केली की काहीतरी होतं, हे दोनच अर्थ.

आता कबुली. मी चांगला शेरा दिलेल्या एका ठिकाणी चार महिन्यांनी खाटेवरून उचलताना एका आजींचा हात मोडला. पाळीला एकटी मुलगी, नोकरीचा तिसरा दिवस, पेशंट कसा उचलायचा हे कुणी दाखवलेलं नाही. मी गेलो होतो तेव्हा प्रशिक्षणाची वही अगदी भरलेली होती. वही मी तपासली होती. कुणाला तरी 'उचलून दाखव' म्हणायला हवं होतं.

गणिती (मंगळवार, रात्री १०:०२)

'पाच जणांमागे एक माणूस' हे वाक्य ऐकलं की कागद-पेन्सिल घ्या.

४० रहिवासी, म्हणजे ८ माणसं. हे आठ पटावरचे. प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी धरली तर आठवड्याला ४८ हजेऱ्या. आठवड्यात पाळ्या २१. भागाकार २.३. दिवसाच्या दोन पाळ्यांना तीन-तीन घातले की रात्रीला एकसुद्धा पुरता उरत नाही. अजून कुणी आजारी पडलेलं नाही, गावाला गेलेलं नाही. त्या आठांत ऑफिसचा कारकून आणि माळी धरलाय का, तेही विचारा.

आता त्या एकटीची रात्र. आठ जण अंथरुणाला खिळलेले, प्रत्येकाची कूस बदलून डायपर बघायला दहा मिनिटं धरू. दर १२० मिनिटांतली ८० तिथेच गेली. उरलेल्या ४० मिनिटांत ३२ माणसं आणि त्यांच्या बेल. तक्त्यावर सगळ्या सह्या असतीलच.

ऑस्ट्रेलियाने वृद्धसेवेवरच्या रॉयल कमिशन या सरकारी आयोगाच्या चौकशीनंतर (२०१८ ते २०२१) मिनिटांतच हिशोब मागायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ पासून सरासरी दर माणशी रोज २१५ मिनिटं देखभाल, त्यातली ४४ नोंदणीकृत नर्सची. वरच्या 'पाचामागे एक'चा हिशोब आठ तासांच्या पाळीने केला तर ८२ मिनिटं येतात. अमेरिकेनेही २०२४ मध्ये रोज ३.४८ तासांचा नियम काढला होता, तो २०२५ मध्ये न्यायालयात टिकला नाही.

थोडक्यात प्रश्न असा विचारा: 'काल रात्री दोन वाजता, या मजल्यावर, जागं कोण होतं?' आणि हजेरीपत्रक बघायला मागा.

चालक (बुधवार, सकाळी १०:३०)

माझंही ऐका. चोवीस खाटांचं वृद्धनिवास चालवतो. वर लिहिलेलं बहुतेक खरं आहे, काही आमच्याकडेही घडलंय.

पण माणसं मिळत नाहीत. शिकवून तयार केलेली मुलगी सहा महिन्यांत हॉस्पिटलात जाते, तिची चूक नाही. तपासणी जवळ आली की माझ्या नर्सचा अर्धा दिवस लिहिण्यात जातो. कूस बदलायची की कूस बदलल्याचं लिहायचं, असं ती एकदा मला तोंडावर म्हणाली.

दुसरं, पडण्याबद्दल. वृद्ध माणूस पडला की नातेवाईक थेट हलगर्जीपणा म्हणतात. कुणीच पडू नये याचा सोपा उपाय आहे, सगळ्यांना खुर्चीत अडकवून ठेवा. आमच्याकडे एक आजोबा रोज पायऱ्यांपर्यंत जाऊन येतात. दोनदा पडलेत. मुलाने लेखी दिलं, त्यांना बसवून ठेवा. आजोबांनी मला विचारलं, मग मी करू काय दिवसभर? मी चालू देतो. उद्या तपासणीत माझ्या नावावर दोन पडझडी दिसतील आणि शेजारच्या ठिकाणी शून्य.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी ३:१५)

चालकसाहेब, शंभर टक्के. म्हणून 'किती जण पडले' एवढंच विचारू नये. 'पडल्यावर तुम्ही काय बदललं' हे विचारावं. औषधं तपासली? चपला बदलल्या? रात्री संडासच्या वाटेवर दिवा लावला? एकच आजी महिन्यात तीनदा त्याच कोपऱ्यात पडली आणि वहीत तीनदा 'समज दिली' असं लिहिलेलं मी वाचलंय. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला समज!

उंबरठा, अडकवणं नेहमी दोरीनेच होत नाही. उठताच येणार नाही असा खोल सोफा, पुढे खटक्याने बसणारा ट्रे, हाताला न लागेल असा ठेवलेला वॉकर, हेही बांधणंच. खाटेच्या कठड्यांचं तर खास सांगते. कठड्यातल्या फटीत डोकं अडकून माणसं गेलीत. अमेरिकेच्या २००६ च्या सूचनेप्रमाणे डोकं अडकू शकेल ती फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी. आणि गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरायला बघतो, मग तो जास्त उंचावरून पडतो. तुमच्या आईसारख्यांना बऱ्याचदा जमिनीलगतची खाट आणि शेजारी गादी बरी पडते.

अनुस्वार (बुधवार, संध्याकाळी ६:४४)

मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो: 'सकाळी किती वाजता उठवता?' 'ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा' असं उत्तर मिळालं तर पुढे बोला. पहाटे चारपासून रांगेने आंघोळी घालत असतील तर ते घर रहिवाशांच्या नाही, पाळीच्या सोयीने चालतं. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये एका नर्सिंग होमच्या एका मजल्यावर लोकांना बारीकसारीक निवडी करू दिल्या, सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत राहिली.

तिरकस (बुधवार, रात्री ८:१०)

सगळीकडे कॅमेरे बसवले की झालं ना?

थोरली (बुधवार, रात्री ८:२६)

आत्याच्या खोलीबाहेर कॅमेरा होता. चादरीखालचं त्याला कसं दिसणार? आणि खोलीत बसवला तर ती कपडे बदलतानाचंही कुणीतरी बघणार.

उंबरठा (रविवार, रात्री १०:५०)

आज दोन्हीकडे न सांगता जाऊन आलो. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

आरशासारख्या फरशीच्या ठिकाणी पंचवीस मिनिटं स्वागतकक्षात बसवलं. वर गेलो तर जिन्याचं आगरोधक दार एका खुर्चीने उघडं अडकवून ठेवलेलं. टीव्ही मोठ्याने चालू, समोर अकरा जण ओळीत, एकाचंही लक्ष नाही. एक बेल वाजत होती. मी घड्याळ लावलं. चौदा मिनिटांनी मीच सोबतच्या मुलीला म्हटलं, जा बाई. ती म्हणाली, 'त्यांची सवयच आहे.'

दुसरं ठिकाण जुनं, रंग उडालेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मनातून ते रद्दच केलं होतं. लगेच आत सोडलं. एका खोलीत वास होता, तिथे चादर बदलणं चालू होतं. बेलला तीन ते चार मिनिटं. एक आजी 'मला घरी जायचंय' म्हणून दाराशी उभ्या होत्या. आया त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत, 'चला, मी पण तिकडेच निघालेय' म्हणून हात धरून व्हरांड्यात चकरा मारत राहिल्या. त्या बाई तिथे सहा वर्षं आहेत. वजनाची वही मागितली, लगेच दाखवली. एका महिन्यात एकाचं वजन ५४ वरून ५१ वर आलेलं, शेजारी लाल खूण आणि डॉक्टरांना कळवल्याची तारीख.

खिडकीपाशी बसलेल्या एका आजींना विचारलं, रात्री बेल वाजवली तर येतात का? म्हणाल्या, 'येतात. कधी चिडून येतात, पण येतात.'

एक खटकलं. न्हाणीघरातल्या नळाचं पाणी इतकं गरम की मी हात मागे घेतला. आणि रात्री नर्स नसते, फक्त फोनवर. यावर काय करू?

लेखाजोखा (रविवार, रात्री ११:३०)

५४ वरून ५१ म्हणजे साडेपाच टक्के. महिन्याला पाच टक्क्यांवर घट गेली की हालचाल करायची असते, ती त्यांनी केली. वही जिवंत आहे.

पाण्याचं मात्र आजच सांगा. ६० अंशांचं पाणी पाच-एक सेकंदांत खोल भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसाला हात मागे घ्यायला तेवढा वेळ लागतोच. पण टाकीच गार ठेवा असंही सांगू नका. २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो, त्याने न्यूमोनिया होतो. टाकीत ६० ठेवायचं आणि नळाशी मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवायचा. इंग्लंडात आंघोळीच्या पाण्याला ४४ अंशांची मर्यादा आहे. व्हॉल्व्ह कधी बसवतात यावरून तुम्हाला त्यांचा कारभार कळेल.

आणि पहिल्या ठिकाणची ती खुर्ची. ते दार धूर अडवण्यासाठी असतं. रात्री एकटी आया चाळीस जणांना जिन्यावरून खाली नेऊ शकत नाही, धूर अडला तरच त्याच मजल्यावर पलीकडच्या भागात सरकवायला वेळ मिळतो. वीज गेल्यावर काय, हेही दुसऱ्या ठिकाणी विचारा. २०१७ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळानंतर एका नर्सिंग होमचं वातानुकूलन बंद पडलं. उष्म्याने १२ वृद्ध गेले. हॉस्पिटल शेजारीच होतं.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ८:५५)

रात्री नर्स नाही ही उणीव आहे, लपवू नका स्वतःपासून. आईला इन्सुलिन, नळी, ऑक्सिजन यातलं काही नसेल तर एक वेळ चालेल. पण फोन केल्यावर नर्स किती वेळात पोचते, मागच्या वेळी कधी पोचली, हे विचारा. आणि आधी महिनाभर ठेवून बघा, घरची खोली मोडू नका.

पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या वेळी जा. त्या सहा वर्षं असलेल्या बाईंचं नाव लक्षात ठेवा, त्यांना नावाने हाक मारा. ज्यांच्याकडे कुणीच येत नाही अशा शेजारच्या खाटेवरच्या आजींकडेही जाता-येता बघा. तुमच्या आईला तुम्ही आहात. त्यांच्यासाठी तो वर्षातून एकदा येणारा तपासनीसच.

तिरकस (सोमवार, रात्री ९:४०)

वडील माझ्याकडेच असतात. ८८ वय, चार महिने अंथरुणावर. मी आणि बायको करतो सगळं, बाहेरचं कुणी येत नाही.

धागा वाचून आज चादर काढून बघितली. डाव्या टाचेला लालसर डाग आहे. दाबला, गेला नाही. गरम लागतोय. काय करू?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ९:४८)

चोळू नका. गोल रिंगची उशी देऊ नका. साधी उशी पोटरीखाली लांबीत ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच गादीला अजिबात टेकता कामा नये. टाचेखालून कागद आरपार सरकला पाहिजे. दुसरी टाच, माकडहाड, खुबे आत्ताच बघून घ्या. मधुमेह आहे का? उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा, परवावर ढकलू नका.

तिरकस (सोमवार, रात्री १०:१५)

मधुमेह आहे. बाकी ठिकाणी काही नाही. उशी दिली. कागद सरकतोय.